कोपरानं पाणी बघणारे मामा

पाणीमामांच्या सदऱ्याची उजवी बाही मी कधी खाली उतरलेली पाहिली नाही. परळला आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते शिपाई होते आणि माशांच्या टाक्या त्यांच्या ताब्यात असायच्या. नवं पाणी ओतायच्या आधी ते बादलीत कोपर बुडवायचे, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं. भिंतीवर चांगला थर्मामीटर टांगलेला. आम्ही चिडवायचो, "मामा, तो काय शोभेला आहे?" तर म्हणायचे, "त्याला आकडा कळतो. माशाला सोसंल का, ते कोपराला कळतं."

त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे आजारी माशाला औषध घालायचं नाही. "लढतोय ना तो? मग आपण मध्ये कडमडायचं नाय. स्वच्छ पाणी, जरा ऊब आणि शांतता. बास." मी तेव्हा एम.एस्सी.ला होते आणि भलतीच शहाणी. मला हा निव्वळ अडाणीपणा वाटायचा. मामा मूळचे कोकणातले, लालबागच्या चाळीत बायकोबरोबर राहायचे. त्यांची एकुलती मुलगी लहानपणीच गेली, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. कशानं गेली ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी आमच्या काचमाशाच्या पोहायच्या परावर पांढऱ्या गाठी आल्या. अंग आरपार दिसणारा बोटभर मासा तो, त्याच्यावर फ्लॉवरचा तुरा चिकटवावा तशा त्या गाठी दिसायच्या. हा विषाणूचा रोग असावा, असं प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले. "पंधरा दिवस देतो. नाही बरा झाला तर फेकून द्या." मामांनी त्याला वेगळ्या बरणीत घेतलं आणि उन्हाच्या खिडकीत ठेवलं. रोज कोपर, रोज पाणी. सरांना 'बरा करतो' म्हणून दिलेला शब्द खाली पडू द्यायचा नाही, असं त्यांनी मनावर घेतलं होतं.

आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी शहर पेटलं. फाउंटनला गोळीबार झाल्याची बातमी आली, मोर्चे निघाले. आमचं बिऱ्हाड कॉलेजच्या मागच्याच गल्लीत, म्हणून मामांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "लालबाग बंद झालं तर मला येता यायचं नाय. तू फक्त पाणी बदल. बाकी हात लावू नको गो." दुसऱ्याच दिवशी कर्फ्यू लागला.

तिसऱ्या दिवशी सवलतीच्या तासाभरात मी धावत गेले. बघते तर गाठींचे तुकडे गळून बरणीच्या तळाशी पडलेले, खालचा पर लालभडक, आणि मासा एका कडेला निपचित. मामांचा मासा माझ्या हातून मरणार! पुस्तकात वाचलेलं आठवलं, कपाटातून मोरचूद काढलं आणि पाण्यात घातलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवशी मासा उलटा तरंगत होता.

कर्फ्यू उठल्यावर मामा आले. मी मेलेला मासाही बाहेर काढला नव्हता. सवयीनं त्यांनी आधी बरणीत कोपर बुडवलं, मग पाण्याचा निळसर रंग पाहिला.

"काय घातलंस?"

मी सांगितलं आणि रडायला लागले. वाटलं, आता बोलतील, चांगलं झाडतील. ते स्टुलावर बसले.

"घाबरलीस ना? मीपण घाबरलो होतो. माझ्या बेबीला गोवर आला. आठवड्यानं ताप उतरला, अंगावरचं गेलं, कातडी सुटायला लागली. पण पोर बोलंना, डोळे उघडंना. मला वाटलं, ही शेवटची निशाणी. डॉक्टर म्हणत होता, पडू दे तिला. मी ऐकलं नाय. गावच्या देवीच्या पायावर घालायची म्हणून तशीच उचलून बोटीवर नेली. भर वाऱ्यात, दर्या खवळलेला. बंदर लागायच्या आत गेली."

त्यांनी मेलेला मासा ओंजळीत काढून घेतला.

"पोरी, गळायला लागतं तेव्हा तो हरत असतो की जिंकत असतो? तू शिकतेस, शोधून मला सांग. माशाचं सांग. बेबीचं माझं मी समजेन."

पुढची चार वर्षं मी तेवढंच केलं. आजारी मासे उबेत ठेवले आणि नुसती बघत बसले. पहिल्यांदा तर हात पाठीमागे बांधून बसावं लागायचं. गाठी गळायच्या, पर लाल व्हायचा, मासा तळाशी पडून राहायचा, आणि आठवड्याभरात पोहायला लागायचा. का, ते मला फार उशिरा कळलं. विषाणू शिरलेली पेशी मरता मरता शेजारणींना बजावते, दारं लावून घ्या गं बायांनो. मग शरीर त्या गाठीला घेरतं आणि बाहेर टाकतं. गार पाण्यात हे सारं रेंगाळतं, उबेत लवकर होतं. मामांचं कोपर शहाणं होतं. गाठ गळते तेव्हा मासा जिंकत आलेला असतो. त्याला फक्त पडून राहू द्यायचं असतं.

मुंबईसह महाराष्ट्र झाला त्या आठवड्यात मी लालबागला गेले. चाळीत पताका लागल्या होत्या, मामींनी माझ्या हातावर साखर ठेवली. मामा अंथरुणाला खिळलेले, छातीचा नुसता पिंजरा उरला होता. मला बघताच कोपरावर रेटून उठायला लागले.

"सापडलं?"

चार वर्षं ज्या उत्तरासाठी घासली, ते जिभेवर होतं. पण तेच बेबीचंही उत्तर होतं.

"नाही मामा," मी म्हटलं. "अजून कुणालाच ठाऊक नाही."

त्यांनी कोपराचा टेकू सोडला आणि परत उशीवर टेकले. मग म्हणाले, "बरं झालं गो," आणि भिंतीकडे तोंड करून पडले. त्याच महिन्यात गेले.

माशांच्या रोगांवर मी पुढे पुष्कळ लिहिलं, पोरांना शिकवलं. पण मनापासून शोधलेलं उत्तर ते एकच, आणि ज्यानं विचारलं होतं, त्यालाच मी ते सांगितलं नाही.