‘न्हावरे’ लिहिलेला बीम

शालनताई गेल्या त्या सकाळी त्यांचं मशीन चालूच होतं.

आज वर्ष झालं. इथे लिहितोय, कारण ऑफिसात हा विषय कुणी काढत नाही.

रांजणगावजवळच्या आमच्या लॅबमध्ये रस्त्याचं डांबर तपासतात. रस्त्यातून कापून आणलेला हातभर लांबीचा तुकडा, म्हणजे बीम. मशीन त्याला डोळ्याला दिसणार नाही इतकं वर-खाली वाकवतं. दिवसचे दिवस. गाड्या जाऊन जाऊन रस्ता थकतो, तसं.

स्क्रीनवर ताठपणाचा आकडा उतरत जातो. निम्म्यावर आला की बीम मेला.

वरून काही दिसत नाही. ताई त्यावर हात ठेवून म्हणायच्या, "मेलाय आन् त्याला ठाऊकबी न्हाई."

मी नवा होतो, अंगावर काटा यायचा. त्या मात्र मजेत डबा उघडायच्या.

नियम एकच. मध्ये थांबवायचं नाही. जरा विश्रांती मिळाली तरी डांबर आतल्या आत सांधतं, आकडा चढतो, टेस्ट वाया.

ताईंना रजा घ्या म्हटलं की हसायच्या. "मला थांबवलं तर माजा आकडा खोटा येईल की."

छातीत दुखतंय हे कुणालाच सांगितलं नाही त्यांनी. अजून राग येतो मला.

शेवटचा बीम त्यांच्याच गावच्या रस्त्याचा होता. त्यावर त्यांनी खडूनं ‘न्हावरे’ लिहिलं होतं.

दौंडहून त्यांच्या भावाचा फोन आला. ताई गेल्या. चहा पिता पिता, बसल्या जागी.

सगळे निघाले. मागे मी राहिलो. मशीन बंद केलं.

ती खोली इतकी शांत मी कधीच ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू केलं. आकडा चढलेला. ते अपेक्षितच होतं. असा चढलेला आकडा झरझर उतरतो.

हा उतरेना.

निम्म्याच्या जरा वर आला आणि तिथंच थांबला. सेन्सर बदलला, कॅलिब्रेशन केलं. तेच. ताईंच्या खुर्चीत कुणी बसेना. साहेबसुद्धा दारातूनच विचारायचे, "अजून आहे?"

"आहे."

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर ताईंच्या आई त्यांचा डबा आणि स्वेटर न्यायला आल्या. मशीनच्या काचेपाशी थांबल्या. हे काय करतंय, म्हणाल्या. जमेल तसं सांगितलं. खडूचं अक्षर त्यांनी ओळखलं.

"लई राबली रं माजी पोर. बंद कर आता."

टेस्ट वाया जाणार होती, रस्त्याचा रिपोर्ट अडणार होता. मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी नुसती होकाराची मान हलवली.

मी बटण दाबलं. आई तो बीम पदरात गुंडाळून घेऊन गेल्या.

आज न्हावऱ्याला जाऊन आलो. त्यांच्या ओट्यावर तो उन्हात पडलेला असतो. खडू पुसला गेलाय. उलटा करून पाहिला, कारण भेग नेहमी खालून सुरू होते.

एकही नाही.

जय भीम, ताई. पडून राहा.

आता आकडा कुणी बघत नाहीये.