काढून टाकलेला धडा

ऑफिसात सगळे त्याला मास्तर म्हणत. सर्व्हर सांभाळणं ही त्याची नोकरी. पण सुटीच्या दिवशी मागच्या खोलीचं दार लावून तो नव्या प्रोग्रामरांसाठी धडे रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकायचा. तयार सॉफ्टवेअर सर्व्हरवर कसं चढवायचं, बिघडलं तर मागची आवृत्ती कशी परत आणायची, असं सगळं. बोलणं संथ, समजुतीचं. “माझ्याशी कधी बोललास का रे इतकं गोड?” असं बायको चिडवायची.

मग घशाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेत जीव वाचला, आवाज गेला. तो फोनवर टाइप करून बोलू लागला. बायको स्वयंपाक करताना त्याचा एखादा जुना धडा लावून ठेवी. तिला त्यातलं ओ की ठो कळत नसे. बाहेरच्या खोलीत त्याला ऐकू येई.

पुढे एका मुलीचा मेल आला. ती एका लहान दवाखान्याचं सॉफ्टवेअर बघायची. सर्व्हरवरची जागा भरली, म्हणून तिनं त्याच्या धड्यातली कमांड जशीच्या तशी दिली, आणि रुग्णांच्या नोंदीच पुसल्या गेल्या. धडा केला तेव्हा त्या कमांडनं फक्त नको असलेल्या फायली जायच्या. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत त्याच कमांडनं साठवलेली माहितीही जात होती. मुलीनं त्याच्यावर खापर फोडलं नव्हतं. आपलं कुठे चुकलं, एवढंच विचारलं होतं.

त्या मुलीसोबत ऑनलाइन बसून त्यानं बॅकअपमधून जमेल तेवढं परत मिळवलं. सगळं नाही मिळालं. मग आपण तो धडा काढून टाकतोय, असं त्यानं बायकोला कळवलं. त्याचा सर्वांत जास्त पाहिला गेलेला धडा तोच. खाली सूचना लिही, असं ती म्हणाली. त्यानं नकारार्थी मान हलवली.

“तिकडे अजून कुणीतरी तुझं ऐकतंय,” ती हळूच म्हणाली. “तेवढं तरी राहू दे.”

त्यानं टाइप करून फोन तिच्यापुढे धरला. ‘ऐकतात, म्हणूनच काढायचा.’

ती उठून आत गेली. त्यानं धडा काढला.

नवा धडा त्यानं लिहून काढला, आणि बरेच दिवस तो तसाच पडून राहिला. शेवटी तीच म्हणाली, मी वाचते. मागच्या खोलीत दोघं बसली. अवघड शब्दांना ती अडखळायची, तो ओठ हलवून उच्चार दाखवायचा. शेवटचं वाक्य होतं : हा धडाही जुना होईल, वापरण्याआधी तारीख बघा. तिथे तिनं कागद खाली ठेवला. त्यानं रेकॉर्डिंग थांबवलं, तिला पाणी दिलं, आणि पुन्हा वाच म्हणून खूण केली. तिनं वाचलं.