पंचनाम्यात नसलेलं

वैनगंगेच्या काठच्या धानपट्ट्यात, एका छोट्या सरकारी दवाखान्यात मी समुपदेशक होते. माझी खोली म्हणजे आधीचं औषधांचं कोठार. एक खिडकी, दोन खुर्च्या, आणि दार कितीही ओढलं तरी चार बोटं फट राहायची. बाहेर बसलेल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून त्या फटीवर मी घरची जुनी चादर टांगली होती. हे आधीच सांगते, कारण पुढे मी जे केलं ते निष्काळजीपणातून झालं असं कुणाला वाटू नये. मला सगळं कळत होतं.

ती मे महिन्यात आली. तिशीतली, अंगानं बारीक. गावच्या आशाताईनं पाठवलं होतं. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘झोप नाही, जेवण नाही.’ महिनाभरापूर्वी ती आणि तिची मोठी जाऊ पहाटे मोहफुलं वेचायला गेल्या होत्या. वाघानं जावेला धरलं. धाकटीनं काठी घेऊन, ओरडून वाघाला हाकललं, म्हणून निदान जावेचं शव तरी घरी आलं, असं गावात प्रत्येक जण सांगायचा. वनविभागाच्या पंचनाम्यातही तेच होतं. ग्रामसभेत साडी-नारळ देऊन तिचा सत्कार झाला होता. तिची झोप गेली ती त्या सत्काराच्या दिवसापासून, पण हे मला फार उशिरा कळलं.

दर मंगळवारी बाजाराच्या निमित्तानं ती यायची. पहिल्या चार वेळा फारसं बोलली नाही. मोहाचा वास आला की हात गार पडतात, एवढंच सांगायची. पाचव्या मंगळवारी ती खुर्चीत बसली आणि खिडकीकडे बघत म्हणाली, “म्याडम, मी नाई हाकललं त्याले.”

मी हातातली वही मिटली.

“मी पळाली. नाल्यात जाऊन बसली. तिनं मले दोनदा हाक मारली, नाव घेऊन. मी तोंडावर पदर दाबून बसली. मानसं आली तवा मी उठली. पाय धरत नव्हते म्हनून पडलेली काठी घेतली टेकायले. लोकायनं काठी पाहिली न् तेच म्हनले, हिनं हाकललं. मी नाई म्हनाले गेली, तं आवाजच नाई निंगाला. मंग ते कागदावर आलं. मी सही केली.”

मग तिनं विचारलं, “खोटी सही केली म्हनून मले धरतील का?”

घाबरलेल्या माणसाची ती सही होती, त्यासाठी कुणी धरत नाही, असं मी तिला सांगितलं. मग थोड्या रुबाबानंच म्हणाले, “आणि तुम्ही इथं बोललेलं मी कुणाला सांगू शकत नाही. मनाच्या उपचारातलं बोलणं गुप्त ठेवायचा कायदा आहे. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असला तरच सांगावं लागतं, आणि तेही आधी तुमच्याशी बोलून.”

“कायदा हाय?”

“आहे.”

“मंग ठीक हाय,” ती म्हणाली.

जावेची मुलगी दहावीत होती आणि आता हिच्याच घरी राहायची. ती पोर हिच्या अंगाला बिलगून झोपायची आणि म्हणायची, काकू, तू होती म्हनून माय घरी आली. हेच वाक्य हिला झोपू देत नव्हतं. पोरीला खरं सांगायचं, असं तिनं स्वतःच ठरवलं. धान कापणी झाली की, हात रिकामे झाले की, शेतातल्या बांधीवर दोघीच असताना. आम्ही त्याची तयारी करत होतो. माझ्यासमोर बसून ती ते वाक्य म्हणून बघायची: “तुह्या मायनं मले हाक मारली, न् मी गेली नाई.” सुरुवातीला अर्ध्यावर अडकायची. ऑगस्टच्या शेवटी तिनं ते पूर्ण म्हटलं. त्या आठवड्यात तिला झोप लागू लागली.

सप्टेंबरात चंद्रपूरला आमचं प्रशिक्षण होतं. प्रत्येकानं आपली एक चांगली झालेली केस मांडायची होती. मी तिची निवडली. परवानगीचा छापील कागद माझ्या फाइलीतच होता. तिला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, हे मला माहीत होतं. म्हणूनच विचारलं नाही. बाकी कुठलंही कारण मी आजवर शोधलं तरी ते खोटं ठरतं.

मी नाव बदललं. तिचं गाव राजुऱ्याकडे नेलं, मोहफुलांच्या जागी तेंदूपानं घातली, जावांच्या बहिणी केल्या. लिहून नेलेलं तेवढंच वाचलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण बोलता बोलता हॉल शांत झाला. मागच्या रांगेतली कुजबूज थांबली. ती शांतता मला आवडली, आणि मी लिहिलेलं सोडून बोलू लागले. दोन हाका सांगितल्या. टेकायला घेतलेली काठी सांगितली. साडी-नारळाचा सत्कार सांगितला. टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेत एक बाई डोळे पुसत होती. मला बरं वाटलं. एवढी वर्षं झाली, तरी हे तीन शब्द मी दोनदा खोडून पुन्हा लिहिले.

जेवणाच्या वेळी एक आरोग्यसेविका ताट घेऊन माझ्याजवळ आली. “म्याडम, हे आमच्या बाजूच्या गावातलीच व्हय ना? सत्कार झाला होता त्या बाईचा?”

“नाही हो, राजुऱ्याकडची आहे,” मी म्हणाले.

“हो का,” म्हणून तिनं वरण वाढून घेतलं. तेव्हाच तिला बाजूला नेऊन, तुम्ही ओळखलंत, पण हे इथंच राहू द्या, माझी चूक झाली, असं म्हणता आलं असतं. मी स्वतःला वाचवलं.

त्यानंतरचे तीन मंगळवार ती आली नाही. चौथ्या आठवड्यात आशाताई दवाखान्यात कामासाठी आली, तेव्हा तिच्याकडून कळलं. गावात लोक भलतंच बोलत होते. शाळेतून येताना पोरीला कुणीतरी विचारलं, तुझी काकू नाल्यात लपली होती म्हणे. पोर दप्तर आणि कपडे घेऊन वरोऱ्याला मामाकडे निघून गेली होती.

मी माझ्या साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “नाव घेतलं का तुम्ही? नाही ना? लेखी तक्रार आली का? तीही नाही. मग कशाला उकरून काढता?” दोन दिवस मला त्यांच्या बोलण्याचा आधार वाटला. तिसऱ्या दिवशी मी तिच्या गावी गेले.

दुपार होती. ती अंगणात बसून सुपात तांदूळ निवडत होती. मला बघून उठली, पाणी आणून दिलं आणि पुन्हा सुपाकडे वळली. मी उभ्यानंच सांगितलं, “चंद्रपूरच्या प्रशिक्षणात मी तुमची हकीकत सांगितली. नाव बदललं होतं, पण लोकांनी ओळखलं. तुम्हाला विचारलं नव्हतं. चूक माझी आहे.”

तिचा हात थांबला. “तुमी सांगतली?”

“हो.”

“मले वाटलं दाराच्या फटीतून कोनी आयकलं असन. आशाताईवर शक घेतला मी. तिच्याशी बोलनं सोडलं.”

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“पोरीले मी सांगनार होती,” ती म्हणाली.

“हो.”

“तुमच्यासमोर म्हनून पाह्यलं होतं.”

“हो.”

“तिनं येऊन मले इचारलं, काकू, खरं हाय का? मी हो म्हनलं. पन आता थे कबुली झाली. सांगनं नाई झालं.”

ती रडत नव्हती, रागावलीही नव्हती. मी काहीतरी करण्यासाठी धडपडत होते. माझ्याविरुद्ध तक्रार करायचा तुम्हाला हक्क आहे, मी म्हणाले, जिल्ह्याला अर्ज करता येतो, हवं तर मीच लिहून देते.

तिनं जरा विचार केला. “अर्जात पुन्हा हेच सारं लिहा लागन ना?”

“लिहावं लागेल.”

“मंग थो कोन कोन वाचन?”

माझ्या साहेबांचं टेबल, जिल्ह्याचं टेबल, मधले कारकून, सगळे मनात येऊन गेले.

“मंग नको,” ती म्हणाली.

गडचिरोलीला दुसऱ्या समुपदेशक आहेत, मी त्यांना तुमच्याबद्दल काही न सांगता नुसती चिठ्ठी देते, असं मी सुचवलं. “तिथी बी म्याडमच असन ना,” एवढं म्हणून तिनं सूप उचललं आणि आत गेली.

तिथून मी आशाताईच्या घरी गेले आणि तिला सांगितलं की बोलणं माझ्याकडून फुटलं. “महिना झाला, ते मले पाहून रस्ता बदलते,” ती म्हणाली. “काऊन, ते मले आज समजलं.” मग मी माझी चूक वरिष्ठांना लेखी कळवली, त्या बाईचा एकही तपशील न देता. तोंडी समज मिळाली आणि कागद फाइलीला लागला. माझी नोकरी, पगार, बढती, कशालाच धक्का लागला नाही. प्रशिक्षणातलं माझं सादरीकरण एव्हाना सगळ्यांच्या मोबाइलवर पोचलं होतं. मी एकेकाला फोन करून ते काढायला सांगितलं. काहींनी काढलं असेल. पंचनाम्याचं पुढे कुणी काही विचारलं नाही.

पोर दिवाळीनंतर परत आली, असं आशाताईनं सांगितलं. धान कापणीला काकूबरोबर होती. दोघी कामापुरतं बोलायच्या. बाई पुन्हा कुठल्याही दवाखान्यात मनाचं दुखणं सांगायला गेली नाही, आणि तिला झोप लागते की नाही, हे विचारायचा अधिकार मला राहिला नव्हता.

आता हे लिहिताना तोच प्रश्न पुन्हा समोर आला. या वेळी मी आधी विचारलं. ही पानं आशाताईच्या हाती त्या बाईला पाठवली. नाही म्हणाली तर फाडून टाका, असं सांगितलं. पंधरा दिवसांनी पानं परत आली. दोन ठिकाणी निळ्या पेनानं रेघ मारलेली होती. ती वाक्यं मी काढून टाकली आहेत, आणि गाव ओळखू येईल असं काही उरलं नाही ना, ते आशाताईकडून दोनदा तपासून घेतलं आहे. पानं मोठ्यानं वाचून दाखवली ती त्या पोरीनं. ती आता कॉलेजात जाते. शेवटच्या पानामागे तिच्याच अक्षरात एक ओळ होती: ‘काकू म्हणते, छापा. पण भेटायला येऊ नका.’