आवाजाची कॉइल

बाबा आईला मारायच्या आधी टीव्हीचा आवाज मोठा करायचे. एरवी आमचा टीव्ही ते क्वचितच लावत. दिवसभर लोकांचे टीव्ही उघडून बसलेल्या माणसाला घरी आल्यावर पडदा नको वाटायचा. बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीच्या भिंती पातळ होत्या. आवाज चढला की मी गॅलरीत जाऊन दार लोटून घ्यायचे.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. सर्किटचे कागद मी वाचून दाखवायचे. एकदा आकडा चुकले तेव्हा त्यांनी तापलेली सोल्डरिंग गन माझ्या मनगटाजवळ आणून धरली. टेकवली नाही. मी आकडा पुन्हा वाचला, बरोबर.

पण समजावून सांगायचे ते छान. टीव्ही स्टेशनवर चित्र एका लहरीवर चढवतात आणि आवाज तिच्यापासून साडेपाच मेगाहर्ट्झ दूर असलेल्या दुसऱ्या लहरीवर. दोन्ही एकाच वायरीतून घरात येतात. आत आल्यावर त्या साडेपाचाच्या फरकावरून सेट आवाज वेगळा काढतो. ते काम बोटाच्या पेराएवढ्या एका कॉइलवर अवलंबून असतं. तिच्या पोटातला गाभा थोडा फिरला तरी चित्र जसंच्या तसं राहतं आणि आवाज जातो.

"चित्र छान, आवाज गेला, तर केबलवाल्याला शिव्या द्यायच्या नाहीत," ते म्हणायचे. "कॉइल बघायची."

मी सहावीत असताना एका सोमवारी त्यांनी आईला लोखंडी कॉटच्या कोपऱ्यावर ढकललं. ती बराच वेळ उठली नाही. टीव्हीवर मॅच चालू होती आणि स्टेडियममधले लोक ओरडत होते. दवाखान्यात आईने बाथरूममध्ये घसरले असं सांगितलं. डोक्याला टाके पडले. पुढच्या वेळी ती उठणारच नाही, असं मला पक्कं वाटायला लागलं.

शनिवारी शाळेला सुट्टी होती. आई दळण आणायला गेली तेव्हा मी टीव्हीचा प्लग काढला आणि मागचं झाकण उघडलं. गाभा फिरवायला बाबांनी स्वेटरची प्लास्टिकची सुई घासून ठेवली होती. तिने मी अडीच फेरे दिले. मग प्लग लावून पाहिलं. बातम्यांतल्या बाईचे ओठ हलत होते आणि स्पीकरमधून नुसती घरघर येत होती. पांढरी अक्षरं आली की ती वाढायची. मी झाकण बसवलं.

दोन वाजता बाबा जेवायला आले. भाकरी गार होती. त्यांनी रिमोट उचलला, आवाजाची हिरवी पट्टी पडदाभर गेली, पण घरघरीपलीकडे काही आलं नाही. तोवर त्यांनी पट्टा काढला होता.

आई ओरडायची, हे मला त्या दिवशी कळलं. तिचं डोकं भिंतीवर आपटलं तो आवाज, पट्ट्याच्या बकलाचा आवाज, सगळं वेगवेगळं ऐकू येत होतं. मी गॅलरीत गेले नाही.

वरच्या मजल्यावरचे काका-काकू दारात आले.

"टीव्ही बिघडलाय," बाबा म्हणाले. त्यांना धाप लागली होती.

काकूंनी आत पडद्याकडे पाहिलं. "चांगला दिसतोय की. वर तर तुमचाच कार्यक्रम ऐकू आला."

"पोलिसांना फोन केलाय," काका म्हणाले. "ते येईपर्यंत बसतो आम्ही."

बाबांनी वळून पडद्याकडे पाहिलं. चित्र अगदी स्वच्छ होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कॉइल कोणी फिरवली?"

"मी," जमिनीवरून आई म्हणाली. कॉइल कशाला म्हणतात हे तिला माहीत नव्हतं.

त्यांनी तिच्या पोटात लाथ घातली, काका-काकूंच्या समोर. काकांनी त्यांना मागून धरलं, दोघं टीव्हीच्या टेबलावर पडले. काकूंनी आईच्या काखेत हात घातला.

"आधी हिला न्या," आई म्हणाली.

त्या संध्याकाळी आईने पोलिसांना सगळं सांगितलं आणि आम्ही मावशीकडे गेलो, ते कायमचे. पण त्याआधी तासभर मी काकूंच्या स्वयंपाकघरात बसले होते. खाली पोलिस बाबांशी बोलत होते. तिथेच काका पडलेली भांडी उचलून ठेवत होते, कोणीतरी खुर्ची सरकवली. सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. टीव्हीचा आवाज मोठा असतानाही इथे असंच ऐकू यायचं का, हे काकूंना विचारावंसं वाटलं. त्यांनी दूध पुढे केलं, ते मी प्यायले.