पंचवीस वर्षांचा समुद्र

अर्ज मी भरला होता, तेव्हा घोळही माझाच. ‘समुद्रात पोहण्याचा अनुभव’ या रकान्यात मी उत्साहाने ठोकून दिले : पंचवीस वर्षे. हिलाल नाना पंचवीस वर्षे बुड्या मारत होते हे खरे, पण शिंदखेड्याच्या विहिरींत.

कुणाची बादली पडली, कळशी पडली, की नानांना बोलावणे जाई. दोरीला बांधलेला दगड धरून नाना तळाला जात आणि अंधारात चाचपून वस्तू वर आणत. १९९१ साली लक्षद्वीपच्या प्रवाळ-संशोधनासाठी स्वयंसेवक हवेत, अशी पेपरातली जाहिरात मी, गावचा मास्तर, त्यांना वाचून दाखवली. तिथे तळ डोळ्यांनी दिसतो, एवढेच नानांनी ऐकले.

“गावन्या इहिरी आटी गयात का?” असे विचारत भिकुबाईंनी नवऱ्याला दशम्या बांधून दिल्या.

बेटावर उतरताच नानांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतले आणि थुंकले. “हाई बठ्ठं पानी खारं शे?”

मोहिमेच्या प्रमुख बाईंनी अर्ज काढला. “नाना, समुद्र पहिल्यांदा कधी पाहिलात?”

“काल, बोटमा बसनू तवय.”

“उद्या एक बुडी बघते. नाही जमली तर महिनाभर भात शिजवायचा.”

तळावर मापाची फीत अंथरून तिच्याखालचे प्रवाळ मोजायचे होते. शहरातली पोरे पायांना रबरी पंखे लावून उतरली आणि त्यांनी अशी रेती उडवली की फीतच दिसेना. एकाने तर प्रवाळाची फांदी मोडली.

नानांनी डोळ्यांवर काच तेवढी चढवली; पंखे नाकारले, दगड मागितला. डोके खाली, पाय वर आणि स्तब्ध. रेतीचा कण हलला नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांना तळ दिसला, तोही पिवळा-जांभळा. एक मासा मिशी बघून गेला.

वर येऊन नानांनी प्रवाळांचा आकारावरून हिशेब दिला : फुलकोबी चार, बाजरीची कणसे सात, म्हशीची शिंगे दोन. बाईंनी स्वतः बुडी मारून पाहिले. एकही चुकले नव्हते.

“कुठे शिकलात हे?”

“इहिरमा. पानी गढूय व्हयनं का बादली दखास नही, आन वरतीन बाया शिव्या देतस.”

दुसऱ्या दिवशी सगळे पंखे पेटीत गेले. महिनाभर ती पोरे नानांकडे दगड धरून बुडायला शिकली.

शिंदखेड्याच्या स्टँडवर बँड लावून नानांना उतरवून घेतले. हार घालताना मला राहवेना. म्हटले, “नाना, माझ्या त्या चुकीमुळेच गेलात हो तुम्ही.”

जेमतेम सहीपुरती अक्षरे येणारे नाना म्हणाले, “मास्तर, पुढला खेपले अर्ज मीच भरसू. चुका जास्ती व्हतीन.”