लेस हळू बांध

सुमन अक्का गेल्या, आणि मी इथे परदेशात, होस्टेलच्या खोलीत, बूट घालून तशीच बसलेय.

खिडकीबाहेर बर्फ पडतोय. जराही आवाज नाही.
आणि मला अक्कांच्या गावच्या गुऱ्हाळाचा वास येतोय. भरदुपारी. खरंच येतोय.

अक्का म्हणजे कागलजवळच्या आमच्या उपकेंद्रातल्या नर्स.
मी इंटर्न होते. आमच्या कॉलेजची इथल्या कॉलेजशी पार्टनरशिप. इथली पोरं दोन महिने आमच्याकडे शिकायला यायची. टॅब, फॉर्म, सनस्क्रीन, सगळा लवाजमा.

पहिल्याच आठवड्यात त्यांतली हॅना आणि मी, अक्कांबरोबर बायकांच्या तपासणीचा फॉर्म भरायला एका घरी गेलो. चहा झाला. मी भाषांतर करायची, हॅना टिक करायची.
गाठ?
"न्हाय."
काही त्रास?
"काय बी न्हाय."

फॉर्म संपला. आम्ही फटाफट बूट घालून अंगणात.
वळून बघितलं तर अक्का अजून उंबऱ्यातच, चपलेचा पट्टा चाचपत.
आणि ती बाई त्यांच्या कानाशी लागलेली. "अक्का, छातीत गाठ हाय वो. कुणाला बोलू नगा."

हॅना रडवेली झाली. मला तर तोंड कुठे लपवू असं झालं. भाषा माझी, आणि मीच बहिरी!

अक्का म्हणाल्या, "आगं, समोर बसल्यावर बाई पावण्याचा मान राखत्या. खरं दुखणं उंबऱ्यात निघतंय. तवा लेस हळू बांध की!"

त्या बाईचं ऑपरेशन वेळेत झालं.
हॅनाने भर उन्हाळ्यातही लेसचे बूट सोडले नाहीत. गाव हसायचं.

यंदा इकडे यायची माझी पाळी.
गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉल केला. अक्का वाळल्या होत्या.
"तब्येत बरी आहे ना?"
"मला काय धाड भरल्या? बरं हाय."
"राऊंड आहे अक्का, ठेवते हं."
"बरं... पोरी, एक सांगायचं हुतं..."
"उद्या करते ना!"

तो उद्या मी विसरले.

आज त्यांच्या लेकाचा फोन आला. पोटाचा कॅन्सर होता. कुणालाच बोलल्या नव्हत्या.

फोनलाही उंबरा असतो. अक्का त्यात उभ्या होत्या, आणि मी घाईनं निघून गेले. याचं मला फार वाईट वाटतंय.

मघापासून एकच लेस बांधतेय, सोडतेय, परत बांधतेय.
मागे अक्का उभ्या आहेत असं वाटतंय.

सांगा अक्का. आता मला कुठं जायचं नाही.

तुमच्या पोरीचा शेवटचा नमस्कार.