मोती टेलरला मी ओळखत न्हाय म्हणाले

नवऱ्याला हे ठाऊक न्हाय. आईला मरेपर्यंत कळलं न्हाय. आज तुमाला सांगते — का, ते माझं मलाच कळंना.

सणसरच्या पलीकडं माळावर विमानातनं उड्या मारायचा कॅम्प असायचा, पाच-सहा वर्षं झाली त्याला. मी तितं पॅराशूटच्या घड्या घालायला होते. काय दिवस होते ते! हिवाळ्यातली सकाळ, चारी बाजूला ऊस, आणि वरनं लाल-पिवळी छत्री अलगद उतरायची. बाया खुरपं तसंच हातात धरून वर बघत राहायच्या. एकदा एक जाडजूड साहेब छत्रीसकट उसात पडले, त्यांना बाहेर काढता काढता आमी हसून हसून बेजार झालो.

कामात मात्र मी खवीस. प्रत्येक दोरी, प्रत्येक बक्कल तीन-तीनदा बघणार. न तपासता उडी मारणारा शूर नसतो, बिनडोक असतो — हे माझं मत तवाही होतं, आजही हाय. सगळे मला हेडबाई म्हणायचे.

आणि याच हेडबाईच्या हातनं पॅराशूटच्या पिशवीची पट्टी पत्र्याला अडकून टरकन फाटली. नियमानं ती पुण्याला पाठवायची, परवानाधारक कारागिराकडनंच शिवून घ्यायची. पण मग माझा निष्काळजीपणा उघडा पडला असता — नोकरी गेली असती. मी ती गुपचूप मोती टेलरकडं नेली.

मोतिउर त्याचं नाव. बंगालमधल्या मालद्याचा. स्टँडजवळ मशीन टाकून तीन वर्षं बसलेला. माझ्या बहिणीच्या लग्नातले समदे ब्लाऊज त्यानंच शिवले. मापं घेताना बायकोच्या आठवणी सांगायचा, आणि आमची मराठी अशी बोलायचा की हसू आवरायचं न्हाय. त्यानं पट्टी शिवून दिली. ती पिशवी पाठीला बांधून माणसं उडाली — आणि मी खाली जीव मुठीत धरून उभी. विचार करा, काय केलं मी!

पुढं परदेशातनं चोरून आलेल्यांची धरपकड सुरू झाली. हद्द चोरून ओलांडली असंल त्याला धरा, माझी ना न्हाय. पण आधी तपासा की! बंगाली बोलतो, म्हंजे बांगलादेशीच, म्हणून मोतीलाही धरलं; त्याचे कागद गावाकडं राहिलेले. तो म्हणाला, कॅम्पवाली दीदी मला ओळखते. पोलीस त्याला घेऊन थेट आमच्या फाटकाशी आले.

"बाई, ह्याला ओळखता का?"

शेजारी कॅम्पचे मालक. ओळख दाखवली अन् हा पिशवीचं बोलून गेला तर? ब्लाऊज शिवतो, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं ना? अंगात त्यानंच शिवलेला ब्लाऊज होता.

"न्हाय," मी म्हणाले.

मोतीनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "साहेब, माझीच चूक झाली. ती दीदी दुसरी."

त्याला गाडीत घातलं. तीन आठवड्यांनी कागद आले — इथलाच निघाला, आपल्याच देशाचा. मशीन न्यायला आला तेव्हा दाढी वाढलेली, पार वाळलेला. मशीन टेम्पोत चढवायला गेला, ते एकट्याला उचलंना. मी समोरच्या मेडिकलात होते. त्यानं दोनदा टेकवलं, परत उचललं. टेम्पो जाईस्तोवर मी आतच उभी राहिले.